मंगळवारचे विद्यार्थी

सकाळी ९. मंगळवार आणि शुक्रवार हे समाजकार्य महाविद्यालयाचे क्षेत्रकार्याचे वार. एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षातली दोघं, एक मुलगी आणि एक मुलगा, आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात येतात. त्यांची सुपरव्हायझर मी. आल्याआल्या रात्रपाळीच्या सिस्टरांकडून वॉर्डची खबर घ्यायची: नवीन कोण आलं, कोण झोपलं नाही, कोणाच्या हाताला थरथर आहे. शेवटची दारू कधी घेतली, हे केसपेपरवर आधी बघायला लावते. दारू थांबल्यावर फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. भास आणि गोंधळ बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सुरू होतात. माणूस अंगावर नसलेल्या मुंग्या झटकत असेल, तर त्याच्याशी समुपदेशन करत बसायचं नाही, डॉक्टरांना हाक मारायची.

९.४५. गटसभा. ती घेणारे दादा एकेकाळी स्वतः पेशंट होते. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांतही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं कर्मचारी म्हणून काम करतात. दादांकडे पदवी नाही आणि या दोघांकडे दादांचा भूतकाळ नाही, त्यामुळे सुरुवातीला दोन्हीकडून थोडा आखडतेपणा असतो. तो जायला वेळ लागतो; मी मध्ये पडत नाही. सभेत विद्यार्थ्यांनी वही काढायची नाही, एवढाच माझा नियम.

११. इनटेक. समोर पन्नाशीचे एक काका. विद्यार्थी बसले तर चालतील का, हे मी त्यांना आधी विचारते. नको म्हणाले असते तर दोघं बाहेर गेली असती. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. म्हणजे दारापर्यंत आलेला माणूस दुर्मीळच. त्याला पहिल्याच तासात परतवून लावणारं काही घडू नये, एवढं मी बघते.

मुलगा ‘ऑडिट’ची प्रश्नावली भरतो. जागतिक आरोग्य संघटनेची ही दहा प्रश्नांची चाचणी. पिता त्या दिवशी किती, या प्रश्नावर काका म्हणतात, “एक क्वार्टर. जास्त नाही.” मुलगा ‘१’ लिहितो. मी पेनाने कागदाच्या कडेला १८० भागिले ३० मांडते. तीस मिलीचा एक पेग म्हणजे साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल, म्हणून क्वार्टरचे पेग सहा. एक लिहिलं की त्या प्रश्नाला शून्य गुण, सहा लिहिले की दोन. मुलगा खोडून दुरुस्त करतो.

पुढची सूत्रं मुलीकडे. ती घरच्यांबद्दल विचारते आणि काका एकदम उलटतात, “पोरी, तू कधी घेतली आहेस का?” हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतोच. ती म्हणते, “नाही. आमच्या घरी कोणीच घेत नाही.” काका हसतात आणि नंतरच्या प्रश्नांना हो-नाहीपुरतंच बोलतात. मला बोलायची उबळ येते. मी ती गिळते. तिने सुरू केलेलं संभाषण तिलाच पुढे न्यायचं असतं.

१.३०. जेवण, पेशंटांबरोबरच. आज उसळ.

२.१५. प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहिणं: पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला काय वाटलं. नाव बदलून, गाव गाळून, कारण ही वही महाविद्यालयात जाते. मानसिक आरोग्य कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मुलीची चार पानं नेटकी आहेत. काकांचा प्रश्नही आहे. तिचं उत्तर मात्र ‘नाही’वर थांबलंय, ‘आमच्या घरी कोणीच घेत नाही’ हे वाक्य गायब. माझ्या मते रेकॉर्डिंगमधली सगळ्यात उपयोगाची जागा तीच, जिथे काहीतरी गळलंय. तिथे मी लाल पेनाने फक्त एक बाण काढते.

४. कुटुंबभेट. दुसऱ्या एका पेशंटची बायको आली आहे. ती मुलाला हळूच विचारते, “दादा, ती गोळी द्या ना, भाजीत कालवायची. त्यांना कळणार नाही.” तो माझ्याकडे बघतो. इथे मात्र मी गप्प बसत नाही. ती गोळी, म्हणजे डायसल्फिरॅम, घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून ती डॉक्टरांनी तपासून, त्या माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. “मग मी करू तरी काय, ताई?” असं ती म्हणते, तेव्हा पुढचं पुन्हा मुलावर सोपवते. तो घाईने सल्ला देत नाही. विचारतो, “तुम्ही रात्री झोपता का?” ती रडायला लागते आणि मग बराच वेळ बोलत राहते.

५.१५. सुपरव्हिजन. मुलाचं आधी, लवकर उरकतं. मुलगी बाण बघून खाली मान घालते. “मला ते लिहायची लाज वाटली, ताई.”

“कशाची?”

“मी त्यांच्यापेक्षा चांगल्या घरातली आहे, असं सांगितलं ना मी.”

“त्यांना तसंच ऐकू आलं. तू का सांगितलंस?”

ती विचार करते. “भीती वाटली. मला काही येत नाही, हे त्यांना कळेल म्हणून.”

मग आम्ही त्या प्रश्नाची दुसरी उत्तरं तपासतो. ‘नाही घेतली, मला कळणार नाही असं वाटतं का तुम्हाला?’ हे तिला जमेलसं वाटतं. शुक्रवारी काकांची माफी मागू का, असं ती विचारते. ती माफी काकांना हवी आहे की तिला, हे दोन पानांत लिहून आणायला सांगते आणि हजेरीच्या फॉर्मवर सही करते. शुक्रवारचं काकांचं सेशन तीच घेणार आहे.