टॅब घ्यायचा, तो मालिका बघायला

संध्याकाळी सातनंतर रिमोट कुणाच्या हातात, यावरून मराठी घरांत जेवढी भांडणं झाली असतील तेवढी बांधाच्या वादावरूनही झाली नसतील. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा वाहिनी एकच होती, त्यामुळे वाद फार तर पुढे कोण बसणार यावरून होई. आज आजोबांना क्रिकेटचा सामना हवा असतो, आईला स्टार प्रवाहवरची मालिका आणि धाकट्याला यूट्यूब. फोनच्या पडद्यावर बघून डोळे शिणतात, दुसऱ्या टीव्हीला भिंत रिकामी नसते. मग कुणीतरी म्हणतं, “एखादा स्वस्तातला टॅब घेऊन टाकू.”

गडबड त्या ‘घेऊन टाकू’मध्येच आहे. दहा ते अठरा हजारांच्या पट्ट्यात आज बरे टॅब मिळतात, पण त्याच किमतीत निव्वळ मनस्तापही मिळतो, आणि दोन्हींचे खोके बाहेरून सारखेच दिसतात.

आधी एक गोष्ट सरळ सांगायला हवी. तेवढ्याच पैशांत बत्तीस इंची स्मार्ट टीव्ही येतो. चौघांनी मिळून बघायचं असेल, जागा ठरलेली असेल, तर टॅबच्या वाटेला जाऊच नये. घरातला टीव्ही जुना पण चांगला असेल आणि त्याला एचडीएमआयची जागा असेल, तर मागे लावायची स्ट्रीमिंग स्टिक आणखी स्वस्तात काम भागवते. टॅबची खरी गरज असते ती एकट्याने बघणाऱ्याला. स्वयंपाक करता करता ओट्यावर मालिका लावणाऱ्या बाई, अंथरुणाला खिळलेले आजोबा, भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, रात्रपाळी करून दुपारी कालचा भाग बघणारा कामगार, अशा लोकांसाठी हा पडदा आहे.

आता दुकानात जाऊ. विक्रेत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “काकू, आठ जीबी रॅम आहे, एकदम फास्ट.” नीट विचारलं तर कळतं की रॅम चारच जीबी आहे. उरलेले चार जीबी साठवणुकीतून उसने घेतलेले, ज्याला जाहिरातीत ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणतात. मालिका बघायला त्याचा जवळपास काहीच उपयोग नाही. व्हिडिओ उलगडण्याचं काम चिपमधला वेगळा भाग करतो आणि ते काम आजची साधी चिपही आरामात पेलते. पडदा सेकंदाला नव्वद वेळा ताजा होतो, हेही मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पण चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांचा आणि आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण पंचवीस चित्रांचं असतं. नव्वदचा आकडा बोटाने पान सरकवताना जाणवेल, मालिकेतल्या सासूबाईंच्या भुवया उंचावताना नाही.

खोक्यावर सहसा न छापलेली गोष्ट मात्र फार महत्त्वाची असते. तिचं नाव वाइडवाइन.

नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओसारख्या कंपन्या आपले चित्रपट कुलूपबंद करून पाठवतात, म्हणजे कुणी त्यांची नक्कल काढू नये. अँड्रॉइड उपकरणात हे कुलूप उघडण्याची व्यवस्था म्हणजे वाइडवाइन. ती बनवणारी मूळ कंपनी गूगलने २०१० मध्ये विकत घेतली. या व्यवस्थेच्या नेहमी भेटणाऱ्या पायऱ्या दोन. एल१ असेल तर कुलूप चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात उघडतं आणि कंपनी उच्च दर्जाचं चित्र पाठवायला राजी होते. एल३ असेल तर सगळं काम साध्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यावर कंपनीचा भरवसा नसतो आणि ती साध्या, म्हणजे ४८०पीच्या आसपासच्या, दर्जाचं धूसर चित्र पाठवते. पडदा कितीही चांगला असो, इंटरनेट कितीही वेगवान असो, येणारं चित्रच बारीक असेल तर तो पडदा काय करणार?

हा घोळ फक्त अनोळखी कंपन्यांचा आहे असंही नाही. २०१८ मध्ये आलेला पोको एफ१ हा फोन त्या वर्षी भारतात गाजला. त्याची चिप त्या काळातली अव्वल होती, पण वाइडवाइन एल३ च. एल१ मिळायला अपडेटची वाट बघत २०१९ उजाडलं. वनप्लस ५ आणि ५टी या त्याहून महागड्या फोनांचीही तीच गत झाली. तिथे तर घरबसल्या अपडेट करून भागत नव्हतं. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीने ग्राहकांना फोन परत पाठवायला सांगितलं, कारण एल१ ची चावी सुरक्षित जोडणीतून संगणकावरूनच भरावी लागत होती. एवढ्या महाग फोनांची ही कथा, तर सात हजारांच्या टॅबचं काय सांगावं!

दुकानातल्या प्रात्यक्षिकात हे मुळीच कळत नाही. विक्रेता यूट्यूब उघडतो, डोंगरदऱ्यांचा एखादा झकास व्हिडिओ लावतो आणि पान न् पान स्पष्ट दिसतं. यूट्यूबवरच्या अशा मोफत व्हिडिओंना वाइडवाइनचं कुलूपच नसतं. त्यामुळे एल३ वाला टॅबही तिथे छाती पुढे काढून उभा राहतो. घरी आल्यावर नेटफ्लिक्स लावलं की तोंडं उतरतात.

तपासायची रीत सोपी आहे. प्ले स्टोअरवर ‘डीआरएम इन्फो’ नावाचं छोटं मोफत अ‍ॅप आहे. ते उघडून वाइडवाइनच्या रकान्यात ‘सिक्युरिटी लेव्हल’समोर एल१ लिहिलंय का, एवढं पाहायचं. नेटफ्लिक्सचं खातं असेल तर त्याच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ आहे. तिथे वाइडवाइनची पायरी आणि जास्तीत जास्त किती दर्जाचं चित्र मिळेल, हे दोन्ही दिसतं. नेटफ्लिक्सची ही खूण जास्त भरवशाची, कारण नुसतं एल१ असून भागत नाही. कोणत्या उपकरणाला एचडी द्यायचं याची नेटफ्लिक्सची स्वतःची वेगळी यादी असते. नमुना टॅबवर हे करू द्यायला विक्रेता कुरकुरला, तर दुसरं दुकान बघावं.

मग येतो पडदा. इथे इंचांपेक्षा आधी ठिपके मोजावेत. स्वस्त टॅबमध्ये १२८० बाय ८०० ठिपक्यांचा पडदा असतो, त्याच्या वरच्या पायरीत १९२० बाय १२००. फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० असतं, म्हणजे दुसऱ्या पडद्यावर ते जसंच्या तसं बसतं आणि वर-खाली साठ-साठ ठिपक्यांची काळी पट्टी उरते. रुंद पडद्यासाठी काढलेला चित्रपट लावला तर हीच पट्टी वाढते आणि पडद्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग काळाच राहतो. पडदा जितका चौकोनी, तितकी काळी जागा जास्त. वनप्लस पॅड गोचा पडदा सातास पाच या प्रमाणाचा आहे. वाचायला तो उत्तम, पण मालिका लावली की पाचवा हिस्सा वाया. आयपॅडचा आकार साधारण चारास तीन, तिथे पाव पडदा काळा. शिवाय त्याची सुरुवातच २०२५ च्या नमुन्यात ३४,९०० रुपयांपासून होती, तेव्हा तो या हिशेबात बसत नाही.

आकाराच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. पावणेनऊ आणि अकरा इंच यांत फरक सव्वादोन इंचांचाच वाटतो, पण हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं असतं. क्षेत्रफळ काढलं तर अकरा इंची पडदा दीडपटीहून मोठा निघतो. प्रवासात हातात धरून बघणाऱ्याला लहान बरा, ओट्यावर कव्हरच्या आधाराने उभा करून हातभर अंतरावरून बघणारीला अकराच हवा.

आवाजाकडे तर कुणी लक्षच देत नाही. मालिका अर्धी कानानेच बघितली जाते, फोडणी तडतडत असताना तर पाऊणहून जास्त. टॅब आडवा धरून डाव्या-उजव्या दोन्ही कडांना स्पीकर आहेत का, ते पाहावं. एकाच बाजूला असेल तर हातानेच तो झाकला जातो आणि संवाद घुसमटतात. चार स्पीकर असले तर उत्तम. एप्रिल २०२४ मध्ये भारतात १२,९९९ रुपयांपासून आलेल्या रेडमी पॅड एसईमध्ये चार होते, ऑक्टोबर २०२३ च्या सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ प्लसमध्येही चार. दोघांचे पडदे अकरा इंची आणि १९२० बाय १२०० चे. दोघांनाही इअरफोनची जुनी गोल पिन लागते. रात्री शेजारी कुणी झोपलेलं असताना तिची किंमत कळते. नमुने दरवर्षी बदलतात, पण पुढचा टॅब याच फूटपट्टीने मोजता येईल.

बॅटरीचं फारसं दुखणं नाही. सात-आठ हजार एमएएचची बॅटरी संध्याकाळच्या मालिका सहज पार पाडते. चार्जिंग मात्र रेंगाळतं. रेडमी पॅड एसईची आठ हजारांची बॅटरी दहा वॉटवर भरते, म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ. रात्री लावून ठेवणाऱ्याला काय फरक पडतो?

सिमवाला घ्यावा की नुसता वायफायवाला? सिमवाला साधारण दोन-तीन हजारांनी महाग पडतो. घरात ब्रॉडबँड असेल तर ते पैसे वाचवावेत. नसेल तर एक हिशेब मांडावा. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो, साध्या चित्राला एक जीबीपर्यंत. वीस-बावीस मिनिटांचा एक भाग एचडीत बघितला की जवळपास एक जीबी गेला. रोज दोन जीबीचं रिचार्ज असेल तर दोन मालिकांत ते संपतं, आणि घरातल्या बाकीच्यांचं व्हॉट्सअ‍ॅप गोल फिरत राहतं. सिम असलं तरी डेटा जातो तेवढाच जातो. फोनच्या हॉटस्पॉटवर वायफायवाला टॅब तितकाच चालतो.

एवढं सगळं पारखून आणलेला टॅब चुकीच्या प्लॅनमुळे वाया जाऊ शकतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन टॅबवरही चालेल असा ठेवला, पण चित्र ४८०पीचं. १९९ ला पुढे ७२०पी मिळू लागलं, आणि फुल एचडीसाठी ४९९. म्हणजे १४९ चा प्लॅन घेणाऱ्याने एल१ साठी जास्त पैसे मोजले तरी पडद्यावर फरक दिसणार नाही. मोबाइल प्लॅन टीव्हीवर कास्टही होत नाही. या पट्ट्यातले बहुतेक टॅब वायरने टीव्हीला जोडून चित्र दाखवू शकत नाहीत, तेव्हा ‘पाहुणे आले की टीव्हीला लावू’ हा मनातला बेत आधीच सोडून द्यावा.

मराठी प्रेक्षकाला नेटफ्लिक्स तसंही दुसऱ्या नंबरला असतं. झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. ज्यांना सह्याद्रीच्या बातम्याच हव्यात त्यांनी एक पैसाही न मोजता आधी ते उघडून बघावं. घरातली मंडळी नक्की काय बघतात हे आठवडाभर टिपून ठेवलं तर तीन वर्गण्यांऐवजी एकीत भागतं, असं बहुतेक घरांत निघेल.

अमेरिकेतून येणारे नातलग हौसेने अ‍ॅमेझॉनचा फायर टॅबलेट आणतात. फायर एचडी १० चा पडदा चांगला आहे, तोही १९२० बाय १२००. पण त्यात गूगल प्ले स्टोअर नसतं, अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं अ‍ॅप दुकान असतं. आपल्याकडची अ‍ॅप तिथे सापडतीलच असं नाही, आणि स्वस्त आवृत्तीत पडदा उघडायच्या आधी जाहिरात दिसते. आणायला सांगण्याआधी विचार करावा.

राहिले पाच-सात हजारांचे टॅब. स्वस्त टॅबची आपली हौस जुनी आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला केंद्र सरकारने ‘आकाश’ आणला, ‘जगातला सर्वात स्वस्त टॅबलेट’ म्हणून जगभर बातम्या झाल्या. सात इंच, ८०० बाय ४८० ठिपके, २५६ एमबी रॅम आणि बोट दाबून धरावं लागणारा पडदा. विद्यार्थ्यांनी नाराजीच व्यक्त केली. सुधारित आवृत्तीचं काम आयआयटी मुंबईकडे गेलं, ती पुढच्या वर्षी आली, पण योजना काही रुळली नाही. आजचे अनोळखी ब्रँड तेव्हापेक्षा बरे असले तरी दुखणं तेच: पडदा कमी ठिपक्यांचा, अँड्रॉइड जुनं, वाइडवाइन एल३. जुन्या अँड्रॉइडवर मालिका-चित्रपटांची अ‍ॅप काही वर्षांनी चालेनाशी होतात. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा तो क्रमांक टॅबवर किंवा खोक्यावर असतो आणि ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून पडताळता येतो. क्रमांकच नसेल तर वस्तू हातात घेऊ नये.

थोडक्यात निवाडा असा. बारा ते सोळा हजार बाजूला असतील तर अकरा इंची, १९२० बाय १२०० चा, वाइडवाइन एल१ असलेला, दोन्ही कडांना स्पीकर असलेला वायफाय टॅब घ्यावा आणि वर पाच-सहाशे रुपयांचं उभं राहणारं कव्हर. रॅम चार जीबी चालेल, साठवणूक ६४ जीबी आणि मेमरी कार्डाची खाच असली की पुरे. पैसे आठ हजारांच्या आत असतील तर थांबावं, सणासुदीच्या सेलची वाट बघावी. आणि सेलमध्ये ऑनलाइन मागवला, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत नेटफ्लिक्सच्या त्या ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’च्या पानावर काय लिहिलंय ते नक्की बघा.