खांद्याची शस्त्रक्रिया : छेद लहान, संयम मोठा

वरच्या फळीवरचा तागा काढणे, सकाळी शटर ओढणे, मालाची खोकी उतरवून घेणे ही व्यापारी कुटुंबांतील नित्याची कामे. त्यांचा खांद्यावरील भार बहुधा पन्नाशीनंतर जाणवू लागतो. हात वर नेताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही आणि तपासणीत ‘रोटेटर कफ’ फाटल्याचे निदान होते.

खांद्याचा सांधा उथळ वाटीत टेकलेल्या मोठ्या गोळ्यासारखा असतो. त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांचा वेढा म्हणजे रोटेटर कफ. फाटलेल्या प्रत्येक खांद्याला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. अनेकांना औषधे व व्यायाम यांनीच आराम पडतो. शस्त्रक्रिया आवश्यक ठरल्यास ती आता बहुधा दुर्बिणीद्वारे होते. लहान छिद्रांतून उपकरणे आत नेऊन हाडात बारीक अँकर बसवितात व त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा हाडाशी शिवतात.

छेद लहान असल्याने रुग्ण लवकर घरी येतो. साधारण दोन आठवड्यांत त्वचेची जखम भरते आणि ‘आता बरे झाले’ असा समज होतो. कंडरेचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. हाडाशी एकजीव होण्यास तिला काही महिने लागतात. तोवर सारा भार त्या दोऱ्यांवर असतो.

पहिले 4 ते 6 आठवडे हात बहुधा झोळीत ठेवावा लागतो. या काळात बोटे, मनगट व कोपर हलवीत राहावे. पाठीशी उशा घेऊन अर्धवट बसत्या स्थितीत झोपल्यास रात्रीची वेदना कमी होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुढे वाकून सैल हात लंबकासारखा हलविण्याचा व्यायाम देतात. 1934 साली खांद्यावरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. पुढे आधाराने व नंतर स्वबळावर हात उचलणे सुरू होते. ताकदीचे व्यायाम साधारण 3 महिन्यांनंतर येतात. जड कामास 4 ते 6 महिने, तर पूर्ण बळ येण्यास कधी वर्षही लागते. फाट मोठी असेल वा वय अधिक असेल, तर हा काळ वाढतो.

खरा धोका वेदना ओसरल्यावर सुरू होतो. दिवाळीची किंवा लग्नसराईची गर्दी असते, कामगार रजेवर असतो आणि मालक स्वतःच गठ्ठा उचलतो. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज बुडते. येथे मुद्दलच धोक्यात येते, कारण शिवलेली कंडरा पुन्हा फाटू शकते. भीतीपोटी नेमून दिलेले व्यायामही टाळले, तर खांदा आखडतो. म्हणून फिजिओथेरपिस्टने ठरविलेली मात्रा कमीही करू नये, वाढवूही नये.

आपल्या घरांत काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. चौविहार पाळणाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना तसे सांगून औषधांच्या वेळा आखून घ्याव्यात. काही वेदनाशामके उपाशीपोटी घेणे त्रासदायक असते. त्यामुळे उपवास वा आयंबिल यांबाबतही सल्ला घ्यावा. पंचांग प्रणिपातात हातावर येणारा भार आणि अभिषेकाचा भरलेला कलश उचलणे काही महिने टाळावे. वंदना बसून, भावाने करता येते. मूग, मटकी, तूर, दूध, दही यांतून आहारातील प्रथिने सांभाळावीत. मधुमेह आटोक्यात ठेवावा. तंबाखू व धूम्रपान पूर्ण थांबवावे, कारण त्यांनी जखम भरण्यास अडथळा येतो. ताप येणे, छिद्रातून स्राव येणे, हात अचानक बळहीन होणे किंवा पोटरीला सूज येणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे.

कुटुंबाचा वाटाही मोठा आहे. नेहमी लागणारा माल कमरेच्या उंचीवर आणून ठेवणे, शटरची जबाबदारी दुसऱ्याकडे देणे आणि ज्येष्ठांना हिशेबाच्या वहीपाशी बसविणे ही व्यवस्था शस्त्रक्रियेच्या आधीच व्हावी. आपल्या धर्माने शिकविलेला संयम या काही महिन्यांत औषधाइतकाच उपयोगी पडतो. शल्यविशारद कंडरा शिवून देतात. ती जुळू देणे रुग्णाच्या व घरच्यांच्या हाती असते.