अंगावरून जाते म्हणून अंगावर काढू नका



रोवणी लागली की आमच्याकडे येणाऱ्या तरण्या पोरींची तक्रार ठरलेली असते: कंबर दुखते, चक्कर येते. शेजारी आई किंवा सासू असली की बोलणे तिथेच थांबते. तिला बाहेर बसवून पाळीबद्दल विचारले की खरी गोष्ट निघते. वर्ष-दीड वर्षापासून अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, आणि हे घरात कोणालाच सांगितलेले नाही.

ही गोष्ट एकट्या पोरीची नाही. वैनगंगेच्याच खालच्या अंगाला असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका-मुलींची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, एकेकीला सरासरी तीनाहून जास्त. आधी कधी तपासणी किंवा उपचार झालेल्या मात्र शंभरात फक्त ८ होत्या. आज दवाखाने वाढले, तरी लाज तेवढी कमी झालेली नाही.

आधी हे समजून घ्या की सगळेच पांढरे जाणे आजार नसते. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या बलकाभोवतीच्या पाण्यासारखा पारदर्शक, तार सुटणारा स्राव जातो. पाळीच्या आधीही थोडे जाते. वास नाही, खाज नाही, तर काळजी नाही. त्याने हाडे झिजतात, शरीरातली ‘धातू’ जाते, हे खोटे आहे. त्या भीतीवर जडीबुटीवाल्यांचा धंदा चालतो.

दह्यासारखे घट्ट जाते आणि खाज सुटते, तेव्हा बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास असेल तर जंतूंचा. पिवळे-हिरवे, फेसाळ असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. बायकोने गोळ्या खाल्ल्या आणि तो तसाच राहिला, तर आजार परत येतो. सोबत ओटीपोट दुखत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग गर्भनळ्यांपर्यंत गेला तर त्या बंद होऊ शकतात. मग मूल होत नाही आणि बोल पोरीलाच लागतो. आतून साबणाने, तुरटीच्या पाण्याने धुऊ नका, त्याने बिघाड वाढतो.

बांधीत दिवसभर ओल्या कपड्यांत वाकून उभे राहायचे, लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच प्यायचे नाही, पाळीचे कापड सकाळी घातलेले संध्याकाळी काढायचे. खाज आणि लघवीची जळजळ इथूनच सुरू होते. मुकादमाकडे आडोशाची मागणी करायला चार जणींनी मिळून जावे. आम्ही गेलो आहोत. एका ठिकाणी मिळाला, दोन ठिकाणी हसले.

कापड वापरत असाल तर ते उन्हात वाळले पाहिजे. पण आपल्याच वस्तीत ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली दडवलेले दिसते. १९५६ ला आपण विटाळ टाकून आलो म्हणतो, आणि पाळी आलेली पोरगी आजही वंदनेला विहारात बसत नाही. कोणी अडवते असे नाही, ती स्वतःच बसत नाही. हे तिला कोणी शिकवले, ते घराघरात विचारा.

पाळी २१ ते ३५ दिवसांनी यावी, दोन ते सात दिवस राहावी. सुरुवातीची दोन वर्षे मागेपुढे होते. पण सात दिवसांहून जास्त रक्त जाते, तासा-दोन तासांत पॅड भिजते, मोठ्या गाठी पडतात, तीन-तीन महिने पाळी येत नाही किंवा सोळाव्या वर्षापर्यंत आलीच नाही, तर तपासणी हवी. जास्त रक्त जाणाऱ्या पोरीचे हिमोग्लोबिन पाहिलेच पाहिजे.

सोबत सिकल सेलचीही तपासणी करा. आपल्या समाजात आणि गोंड समाजात हा आजार विदर्भात बराच आहे. एसएस असलेल्या पोरींची पाळी उशिरा सुरू होते, आणि पाळीच्या दिवसांत हातापायांचे दुखणे उसळू शकते. शाळा-अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी इतर मुलींनी जरूर घ्यावी. एसएस असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. एएस असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, पण लग्नाआधी दोघांचेही कार्ड पाहा.

‘पिशवी खराब झाली, काढून टाका’ असे कोणी पंचवीस-तिशीतल्या बाईला म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची २०१९ साली पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. योनीतल्या संसर्गावर औषध आहे, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.

लग्न न झालेल्या मुलीला तपासणीला न्यायला आया घाबरतात. तिची सोनोग्राफी पोटावरून होते, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन जायचे एवढेच. आतून तपासायचे असेल तर आधी तिला विचारले पाहिजे, आणि खोलीत बाई हजर असली पाहिजे. ‘नको’ म्हणायचा तिला हक्क आहे. उपकेंद्रात नर्सबाईला सांगा, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा. जाताना शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्या. पहिला प्रश्न तोच विचारतात.

सिकल सेल आणि बाळंतपण याबद्दल पुढच्या अंकात लिहू.