इंजिनाची काटकसर आणि शहराची हवा

शेगडीची निळी ज्योत पिवळी होऊं लागली, कीं पातेल्याचें बूड काळवंडतें. हवा अपुरी पडत आहे, हें गृहिणीस तेव्हांच कळतें. मोटारीच्या इंजिनांतहि हवा आणि इंधन यांचाच मेळ घालावयाचा असतो. मात्र तेथील हिशेब अधिक बिकट आहे.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलें इंधन धुराबरोबर बाहेर पडतें. पैसाहि वायां जातो. मग हवा थोडी अधिक कां देऊं नये? तसें केल्यानें इंधन खरोखरच वांचतें. परंतु हवेंत सुमारें ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवीं तो स्वस्थ असतो; सिलिंडरांतील प्रखर उष्णतेंत मात्र त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन फुप्फुसांस जाचक असे वायु उत्पन्न होतात. हवा किंचित् जास्त असतांना ते सर्वांत अधिक होतात. ती फारच वाढविली, तर ते घटतात. पण मग मिश्रण नीट पेट घेत नाहीं.

१९७० सालीं अमेरिकेनें कायदा करून या तिन्ही दोषांत ९० टक्के घट मागितली. जपानच्या होंडा कंपनीनें एक युक्ति योजिली : मुख्य कोठडीशेजारच्या चिमुकल्या कोठडींत दाट मिश्रण ठिणगीनें पेटवावयाचें आणि त्या ज्वालेनें मुख्य कोठडींतील विरळ मिश्रण जाळावयाचें. १९७५ च्या सिव्हिक गाडीनें या रीतीनें, धुराच्या नळींत उत्प्रेरक न बसवितां, त्या वर्षाची कसोटी पार केली.

पुढें नियम कडक झाले, आणि प्लॅटिनम, ऱ्होडियम अशा धातूंचा उत्प्रेरक सर्वत्र आला. धुरांत प्राणवायु जास्त उरला, तर तो नायट्रोजनचे वायु फोडूं शकत नाहीं. कमी उरला, तर बाकीचे दोन दोष जाळूं शकत नाहीं. म्हणून मिश्रण १४.७ च्या अगदीं निकट राखावें लागतें, आणि त्यासाठीं धुरांतील प्राणवायु मोजणारा संवेदक बसवितात. अर्थात् विरळ मिश्रणानें होणारी काटकसर सोडावी लागली. ती भरून काढण्यासाठीं हलकी गाडी, लहान इंजिन व कमी घर्षण यांकडे वळावें लागलें.

भारतांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाले. तरीहि गाडी घेतांना पहिला प्रश्न असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" प्रश्न रास्तच आहे. मात्र वांचलेलें इंधन मालकाच्या खिशांत दिसतें; वाढलेले वायु रस्त्याकांठच्या घरांतील मुलांच्या श्वासांत जातात. तीं मुलें गाडी विकत घेण्यास दुकानांत येत नाहींत, म्हणूनच त्यांच्या वतीनें कायद्यास बोलावें लागतें.