लष्करी विमानांचा मागोवा

विमान दिसताक्षणी ओळखण्याचे कौशल्य ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संरक्षणाची गरज म्हणून रुजले. आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे केवळ आकृतीवरून सांगता यावे, म्हणून निरीक्षकांना विमानांच्या छायाकृतींचा अभ्यास करावा लागे, आणि १९४१ मध्ये याच विषयाला वाहिलेले ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिकही निघाले. युद्धानंतर गरज सरली, तरी छंद टिकला. वेल्समधील ‘मॅक लूप’ या दऱ्यांच्या परिसरात लढाऊ विमाने सरावासाठी सुमारे २५० फुटांपर्यंत खाली येतात, तेव्हा डोंगरउतारावर उभे असलेले हौशी निरीक्षक शेपटीजवळचा अनुक्रमांक आणि तुकडीचे चिन्ह टिपून घेतात.

डोळ्यांच्या जोडीला पुढे रेडिओ आला. विमानातील ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारच्या विचारणेला आपोआप उत्तर देणारे यंत्र, १०९० मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर संदेश पाठवते. त्यात विमानाचा २४ बिटांचा ओळखक्रमांक असतो आणि हे क्रमांक देशांना गटागटाने वाटून दिलेले असल्यामुळे विमान कोणत्या देशाचे हे कळते. ‘एडीएस-बी’ पद्धतीत विमान स्वतःचे स्थान आणि उंचीही प्रसारित करते. स्थान न सांगणाऱ्या विमानाचाही ठाव लागू शकतो, कारण एकच संदेश निरनिराळ्या ठिकाणच्या ग्राहकयंत्रांवर पोहोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून त्याची जागा गणिताने काढता येते.

मात्र लष्करी विमान किती दिसावे, हे बहुतांशी त्याचे चालकच ठरवतात. मालवाहू आणि हवेत इंधन पुरवणारी विमाने नागरी विमानांच्या मार्गांवरून जाताना सहसा आपली ओळख देतात, तर मोहिमेवरील लढाऊ विमाने ट्रान्सपाँडर बंद ठेवू शकतात. २०२२ च्या प्रारंभी काळ्या समुद्रावर घिरट्या घालणारी अमेरिकेची वैमानिकरहित ‘ग्लोबल हॉक’ टेहळणी विमाने ‘फोर्टे’ या संकेतनामाने जगभरच्या हौशी निरीक्षकांना दिसत होती. ही बेफिकिरी नसून आपली उपस्थिती जाणवून देण्याची रीत असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. दिसणे असे चालकांच्या मर्जीवर असल्यामुळे, या संदेशांवरून विमानांची स्थाने दाखवणारा नकाशा रिकामा दिसला, तरी आकाश रिकामे आहे असा निष्कर्ष जाणकार काढत नाहीत.

या छंदाची सीमा देशोदेशी बदलते. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे १२ ब्रिटिश आणि २ डच निरीक्षकांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली, २००२ च्या एप्रिलमध्ये ते दोषी ठरले आणि त्याच वर्षी अपिलात निर्दोष सुटले. भारतात १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू असून, पुण्याच्या लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळावर प्रवासी विमानांची ये-जा असली, तरी तेथील छायाचित्रणावर निर्बंध आहेत. त्यामुळे येथील हौशी अभ्यासकाने दुर्बीण घेण्याआधी कायदा समजून घेणे हितावह ठरते.