आठ वर्षांची वॉरंटी आणि भंडारा–नागपूर अप-डाउन

इलेक्ट्रिक गाडीची आठ वर्षं भरली की बॅटरी संपते आणि गाडी भंगारात जाते, असं सेकंडहँड गाडी बघायला निघालेल्या माणसाला हमखास ऐकवलं जातं. त्या भीतीपोटी चांगली गाडी हातची जाते. उलट, वॉरंटी आहे म्हणून कागद न वाचता घेतलेली भलतीच गाडी गळ्यात पडते.

आठ वर्षं ही कंपनीच्या जबाबदारीची मुदत आहे, बॅटरीच्या आयुष्याची नाही. लिथियम-आयन बॅटरी हळूहळू उतरत जाते. सुरुवातीला क्षमता जरा जास्त घटते, मग वेग मंदावतो. परदेशात हजारो गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी घट वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास निघाली. त्या हिशेबाने आठ वर्षांनंतरही ८०-८५ टक्के क्षमता उरते. मात्र आपल्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे विसरून चालणार नाही.

‘बॅटरीला कूलिंग आहे, उन्हाने काही होत नाही’ हे अर्धंच खरं. निसानच्या सुरुवातीच्या लीफ गाडीत बॅटरीला लिक्विड कूलिंग नव्हतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या तापत्या भागातून क्षमता फार लवकर घटल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी कंपनीला घटत्या क्षमतेसाठी वेगळी वॉरंटी द्यावी लागली. आपल्याकडच्या टाटा नेक्सॉन ईव्हीत लिक्विड कूलिंग आहे. पण गाडी बंद करून उन्हात उभी केली की बहुतेक गाड्यांचं कूलिंगही थांबतं. भरलेली बॅटरी आणि कडक ऊन ही जोडी सर्वांत घातक. म्हणून उन्हाळ्यात गाडी १०० टक्के भरून दिवस-दिवस अंगणात ठेवू नका. ७०-८० टक्के पुरतात, प्रवासाला निघायच्या आधी पूर्ण भरा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला टक्केवारीचा हिशेब नीट राहावा म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज करायला कंपन्या सांगतात, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी बघा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज खुद्द वॉरंटीबद्दल आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी होती. लोकांच्या लक्षात राहतात ती आठ वर्षं. आता भंडारा–नागपूर अप-डाउन करणाऱ्याचा हिशेब मांडा. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे ३६ हजार किलोमीटर. त्याची वॉरंटी साडेचार वर्षांच्या आतच संपते! जुनी गाडी घेताना म्हणूनच आधी ओडोमीटर बघा, नोंदणीचं साल त्यानंतर.

‘क्षमता कमी झाली की कंपनी नवीकोरी बॅटरी देते’ असंही गृहीत धरलं जातं. अनेक कंपन्यांचा उंबरठा ७० टक्क्यांचा असतो. बॅटरी ७८ वर असेल, तर रेंज कितीही कमी वाटली तरी दावा बसत नाही. दावा मंजूर झाला तरी बिघडलेलं मॉड्यूल बदलून किंवा दुरुस्त केलेला पॅक बसवून काम भागवलं जाऊ शकतं. काही कागदांत क्षमतेचा आकडाच नसतो, फक्त निर्मितीतला दोष लिहिलेला असतो. ‘लाइफटाइम’ शब्दही नीट वाचा. टाटाने २०२५ मध्ये काही मॉडेलना दिलेली लाइफटाइम वॉरंटी पहिल्या खासगी मालकासाठी आणि नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत आहे.

पुराचं पाणी वॉरंटीत येत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली होती, ते आठवून विमा एजंटला बॅटरीच्या संरक्षणाबद्दल थेट विचारा.

क्षमता घरी ढोबळमानाने मोजता येते. ३०.२ युनिटची बॅटरी २० वरून १०० टक्क्यांवर नेली, तर तिच्यात साधारण २४ युनिट जातात. चार्जिंगमधली गळती धरून विजेच्या मीटरवर २६-२७ युनिट दिसायला हवेत. मीटर २० वरच थांबलं, तर क्षमता बरीच घटलेली आहे. मग सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा छापील रिपोर्ट मागा. नुसता तोंडी ‘ठीक आहे’ चालवून घेऊ नका. आणि एखाद्या सकाळी गाडी चालूच झाली नाही, तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. अनेकदा तीच उतरलेली असते आणि लाखोंचा पॅक गेला म्हणून घरात रडारड होते.

दावा नाकारला, तर कारण लेखी घ्या. ग्राहकांसाठीची हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे भागलं नाही, तर गाडी नागपूरच्या शोरूममधून घेतलेली असली तरी, तुम्ही भंडाऱ्यात राहत असाल तर इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणाराही कायद्याने ग्राहकच आहे. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून सर्व्हिसची बिलं आणि रिपोर्ट पहिल्या दिवसापासून एका फायलीत लावत चला.