भिंगाची पाठ पाहून घ्यावी

मांडूला होशंगशाहच्या कबरीच्या अंगणात भर दुपारी पांढऱ्या संगमरवराकडे डोळे उघडून पाहवत नाही, आणि दोन पावले आत गेले की हातभर अंतरावरचे नीट दिसत नाही. दारातून आणि दगडी जाळ्यांतून येईल तेवढाच उजेड आत येतो. संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे बहुतेकांना कॅमेरा हातात धरूनच इथला फोटो घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकात इंदूरला सरकारी नोकरीत असताना छायाचित्रणाकडे वळलेले लाला दीनदयाळ मध्य भारतातल्या वास्तू काचेच्या मोठ्या प्लेटांवर टिपत, तेव्हा स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याला उजेड प्यायला हवा तेवढा वेळ मिळे. आजच्या हौशी छायाचित्रकाराला ती चैन नाही. धार-देवासच्या परिसरात काम करणाऱ्याला अंधारी दालने आणि अरुंद गल्ल्या दोन्ही पेलायचे असतात, म्हणून त्याची नजर हमखास एका गोष्टीवर जाते: जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची वाइड अँगल आणि ‘फास्ट’ लेन्स, म्हणजे जिचे छिद्र मोठे उघडते आणि जी कमी उजेडातही काम देते. ती अ‍ॅडॅप्टर लावून आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवावी, असा बेत असतो. बेत चांगलाच आहे. पण खरेदी करताना बहुतेक जण लेन्सच्या तोंडावर कोरलेला एफ/१.४, एफ/१.८ असा आकडा पाहून पैसे मोजतात. माझ्या मते अशी लेन्स उलटी करून तिच्या पाठीवरून पारखावी. डिजिटल कॅमेऱ्यावर ती चालणार की नाही, हे तिचे मागचे भिंग ठरवते.

याचे मूळ रेंजफाइंडरच्या रचनेत आहे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वर-खाली होणारा आरसा असतो, त्यामुळे लेन्सला लांब राहावे लागते; निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. रेंजफाइंडरमध्ये पाहायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, आरसा नाहीच. लायका एम माउंटमध्ये अंतर २७.८ मिलिमीटर, त्याआधीच्या ३९ मिलिमीटर आट्यांच्या माउंटमध्ये २८.८. त्यातही मागचे भिंग माउंटच्या पुढे, थेट फिल्मजवळ सरकवायला रचनाकाराला मोकळीक होती. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी केलेली बायोगॉनची रचना ही या मोकळिकीचा उत्तम नमुना. अशा लेन्समध्ये पुढची आणि मागची भिंगे साधारण एकमेकांच्या प्रतिबिंबासारखी असतात, त्यामुळे पुढच्या अर्ध्याने सरळ रेषेला दिलेला बाक मागचा अर्धा काढून टाकतो. एसएलआरसाठी वाइड लेन्स करताना ही समरूपता मोडावी लागली. म्हणून जुन्या एसएलआर वाइड लेन्स आकाराने मोठ्या झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ लेन्स भिंतींना पिंपासारखा फुगीरपणा देतात.

मांडूत हा गुण फार मोलाचा ठरतो. हिंडोला महालाच्या भिंती मुळातच आत कलत्या, सुमारे ७७ अंशांत बांधलेल्या आहेत. कॅमेरा वर केला की कोणतीही इमारत वर निमुळती दिसते, हे सगळ्यांना माहीत असते, आणि पाहणारा मनातल्या मनात ती सुधारून घेतो. इथे मात्र कलणे बांधणाऱ्याने केले की फोटो काढणाऱ्याने, हे फोटोतून कळत नाही. त्यात लेन्सने रेषाच वाकवल्या तर वास्तूचा जो खरा विशेष, तोच खोटा वाटू लागतो. म्हणून कॅमेरा सपाट धरायचा आणि रेषा सरळ ठेवणारी लेन्स वापरायची. जहाज महालाची शंभर मीटरांहून लांब, दोन तलावांमधली सरळ बैठक टिपतानाही तसेच. जुनी रेंजफाइंडर वाइड लेन्स घेण्याचे माझ्या लेखी हे पहिले आणि सर्वांत प्रामाणिक कारण आहे.

पण ज्या जवळिकीने हा गुण दिला, तीच डिजिटल कॅमेऱ्यात नडते. मागचे भिंग फिल्मच्या इतके जवळ असले की कोपऱ्यांवर पडणारे किरण फार तिरपे येतात. तिरपेपणामुळे उजेड घटतो हे तर फिल्मवरही होतेच: समरूप रचनेच्या ३५ मिलिमीटर लेन्समध्ये फुल फ्रेमच्या कोपऱ्यापर्यंत मधल्या भागाच्या निम्माच उजेड पोचतो, २१ मिलिमीटरमध्ये तर पाव. फिल्मला यापलीकडे तक्रार नव्हती, कारण किरण कुठूनही आला तरी तिच्या पातळ थराला सारखाच. सेन्सरचे तसे नाही. त्यावर प्रत्येक बिंदूसाठी एकेक सूक्ष्म भिंग असते आणि सगळ्यांच्या वर काचेचे झाकण. पाण्यात तिरपी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते, तसे या काचेतून जाणारे तिरपे किरण आपली जागा सोडतात, आणि सगळे सारखे सोडत नाहीत. परिणामी मधला भाग धारदार, पण कडेची पाने, जाळीची नक्षी, शिलालेखाची अक्षरे बोट फिरवल्यासारखी पुसट. शिवाय काही लेन्सच्या फोटोत एका कडेला जांभळट तर दुसरीला हिरवट छटा येते.

काच किती जाड, यावर सारे अवलंबून असते. लायकाने २००६ साली एम८ आणला तेव्हा जुन्या लेन्स चालाव्यात म्हणून ही काच अगदी पातळ, सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवली. त्याची किंमतही मोजावी लागली: काच अवरक्त किरण पुरेसे अडवत नव्हती आणि काळे कृत्रिम कापड फोटोत जांभळे दिसू लागले. शेवटी कंपनीला ग्राहकांना वेगळे फिल्टर द्यावे लागले. २००९ च्या फुल फ्रेम एम९ मध्ये काच सुमारे ०.८ मिलिमीटरची झाली. सोनीच्या ए७ मालिकेत ती दोन मिलिमीटरांच्या आसपास आहे, निकॉन झेड मालिकेत तुलनेने पातळ. म्हणजे ‘ही लेन्स चांगली आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या काचेपुढे, हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर संभवत नाही. एकाच लेन्सबद्दल दोन जाणकार परस्परविरुद्ध मते देतात, त्याचे कारण बहुधा त्यांच्या हातातले कॅमेरे वेगळे असतात.

आता छिद्राच्या आकड्याकडे वळू. एफ/१.४ चे महत्त्व फिल्मच्या काळात जन्मले आणि तेव्हा ते खरेच होते. ४०० संवेदनशीलतेच्या फिल्मवर एफ/२ ला सेकंदाचा पंधरावा भाग शटर ठेवावे लागेल, इतपत उजेड धरा. हात हलणार, माणूस हलणार. एफ/१.४ असेल तर तिसावा भाग मिळतो. फोटो साधणे आणि वाया जाणे यांमधला तो फरक होता. आज त्याच उजेडात आयएसओ ३२०० निर्धास्तपणे वापरता येते. तेव्हा एफ/२.८ ची लेन्ससुद्धा सेकंदाचा साठावा भाग देते, म्हणजे फिल्मवरच्या एफ/१.४ च्या दुप्पट वेग. होशंगशाहच्या कबरीत किंवा नवरात्रात देवासच्या टेकडीवर पायऱ्यांच्या दिव्यांत हा हिशेब मोडत नाही. निव्वळ उजेडासाठी एफ/१.४ ला भरमसाट पैसे देण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

म्हणून फास्ट लेन्स नकोच, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. साधारण समज असा की लेन्स जितकी फास्ट तितकी कटकटीची. ३५ मिलिमीटरच्या जुन्या लेन्सबाबत डिजिटलवर पुष्कळदा उलटे घडते. बायोगॉन आणि तिची रशियन नक्कल ज्युपिटर-१२ या दोन्ही एफ/२.८ च्या, म्हणजे सोशिक वाटाव्यात अशा. पण ज्युपिटर-१२ चे मागचे भिंग फुगून इतके बाहेर आलेले असते की काही कॅमेऱ्यांत ते आतल्या भागांना टेकते, आणि जाड काचेच्या सेन्सरवर तिचे कोपरे पार विरघळतात. २१ मिलिमीटरची एफ/३.४ सुपर-अँग्युलॉन फिल्मवर नावाजलेली. डिजिटलवर तिच्या कडा रंगतात. उलट, छिद्र मोठे करण्यासाठी रचनाकारांना ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या लेन्सच्या घराण्यातली, गाऊस पद्धतीची रचना घ्यावी लागली. १९५६ ची ३.५ सेंटिमीटर एफ/१.८ निक्कोर, १९५८ ची कॅननची एफ/१.५ आणि लायकाची एफ/२ समिक्रॉन, १९६१ ची एफ/१.४ समिलक्स, साठच्या दशकातली कॅननची छोटी एफ/२, या लेन्सची पाठ सेन्सरपासून बायोगॉनपेक्षा दूर राहते आणि किरण जरा कमी तिरपे पडतात. कोपरे त्यांचेही निर्दोष नसतात, पण सांभाळून घेता येतात. फास्ट लेन्स आज घ्यायची ती या भूमितीसाठी. जास्तीचा उजेड ही वरकड मिळकत समजावी. माझी निवड विचाराल तर ३५ मिलिमीटर आणि एफ/२ किंवा एफ/१.८. एफ/१.४ पूर्ण उघडल्यावर जुन्या समिलक्समध्ये दिव्यांभोवती जे धुके पसरते, ते ज्याला मनापासून हवे आहे त्याने तिच्याकडे जावे.

यावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. रंगछटा संगणकावर घालवता येते, किंवा फोटो कृष्णधवल करावा, असे कोणी म्हणेल. छटा जाते हे खरे, आणि २०१५ च्या ए७आर-२ पासून आलेल्या नव्या धाटणीच्या सेन्सरांत ती मुळातच कमी असते. पण पुसटलेला तपशील परत येत नाही. काच तेवढीच जाड असेल तर सेन्सर कितीही नवा असो, कोपरे तसेच राहतात. छिद्र एफ/८ पर्यंत लहान करावे, असेही सुचवले जाते. त्याने बराच फरक पडतो, पण मग फास्ट लेन्स कशाला घेतली? छोट्या सेन्सरचा कॅमेरा वापरला तर कोपरे कापले जाऊन दोष झाकतो, हेही बरोबर. मात्र फुजीसारख्या दीडपट कापणाऱ्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स ५२ मिलिमीटरसारखी दिसते आणि वाइडपणाच निघून जातो. सर्वांत वजनदार आक्षेप असा की आपल्या कॅमेऱ्याच्याच कंपनीची आजची लेन्स सरळ घ्यावी, ती त्या काचेचा हिशेब धरूनच बनवलेली असते. कोपऱ्यापर्यंतचा लख्खपणा हेच ध्येय असेल तर हा सल्ला बिनतोड आहे आणि मी तो मान्य करतो.

तरीही जुन्या लेन्ससाठी एक जागा उरते, आणि ती देवासमध्ये नेमकी दिसते. कुमार गंधर्व १९४८ साली तिथे राहायला आले आणि अखेरपर्यंत तिथलेच झाले. घरगुती बैठकींची परंपरा जपणारे ते गाव. बैठकीत छायाचित्रकार सतरंजीवर, गायकापासून दोन-अडीच मीटरांवर बसलेला असतो. तिथे गुडघ्याएवढी लांब लेन्स रोखून धरणे हा बेअदबीचाच प्रकार. रेंजफाइंडरची लेन्स मुठीत मावते, आणि तिच्या अंगावर अंतराचे आकडे कोरलेले असल्यामुळे डोळ्याला कॅमेरा न लावताही फोकस आधी ठरवून ठेवता येतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटरांवर एफ/१.४ ला जेमतेम पाऊण-एक फूट खोली धारदार राहते, एफ/२.८ ला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. गायकाचा चेहरा आणि पुढे आलेला हात दोन्ही हवे असतील तर दुसराच आकडा उपयोगाचा. ‘पार्श्वभूमी विरघळते म्हणून एफ/१.४’ हा युक्तिवाद वाइड लेन्सला म्हणूनच मला पटत नाही. मागे बसलेला तानपुऱ्याचा साथीदार विरघळवायचा कशासाठी?

राहता राहिला लेन्सच्या तब्येतीचा भाग, आणि आपल्याकडे तो अर्धा सौदा असतो. साठ वर्षांच्या लेन्सने कित्येक पावसाळे पाहिलेले असतात. मुंबईच्या बोरा बाजारातून घ्या की इंदूरहून, दिव्यासमोर न धरता अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. काचेच्या कडेला असेल तर एक वेळ चालेल. मधोमध असेल तर तिने लेप खाल्लेला असू शकतो आणि साफ करूनही डाग राहतो. त्याहून फसवी असते ती आतल्या भिंगावर धरलेली धुरकट साय. साध्या उजेडात ती दिसतच नाही, टॉर्चखाली एकदम उमटते. जुन्या कॅनन लेन्समध्ये छिद्राच्या पात्यांजवळ ती हमखास तपासावी. अशी लेन्स होशंगशाहच्या कबरीतून उजळ दाराकडे रोखली तर सगळी सावली राखाडी होते. ‘जुन्या लेन्सची मृदुता’ म्हणून तिचे कौतुक होते, पण त्या राखाडीत नवा तपशील कुठलाच नसतो. मांडूला लोक पावसाळ्यात जातात, ढगांसाठीच जातात. परत आल्यावर लेन्स चामडी पिशवीत कोंडून न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी.

आणि विकणारा चार दिवस वापरून पाहायला देत असेल तर ती रूपमती मंडपावर न्यावी. कड्याच्या टोकाशी उभे राहिले की खाली निमाडचे सपाट मैदान पसरलेले असते आणि दूरवरची झाडे लेन्सच्या दृष्टीने अनंत अंतरावर असतात. फोकस अनंतावर, छिद्र पूर्ण उघडे. क्षितिज आधी मधोमध, मग पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून फोटो घ्यावेत आणि घरी मोठे करून पाहावेत. चारही कोपरे सारखेच पुसट असतील, तर तो या लेन्सचा आणि आपल्या सेन्सरवरच्या काचेचा न जमलेला संसार आहे; तो खपवून घ्यायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. एकच कोपरा पुसट असेल तर आतले एखादे भिंग कधी तरी वाकडे बसवलेले आहे किंवा अ‍ॅडॅप्टर तिरका आहे. अ‍ॅडॅप्टर बदलून पाहावा, आणि तरीही तोच कोपरा तसाच राहिला तर लेन्स परत करावी.